घर उबविणारी वाफ

थंडी म्हणजे काय, हे आपणा बेळगावकरांना खरे तर ऐकूनच समजावे लागते. पौषातल्या पहाटे कॅम्पात फिरावयास निघालेला मनुष्य कानटोपी घालतो, एक कप चहा अधिक घेतो आणि ऊन वर आले की थंडी विसरतो. घर तापविण्याची व्यवस्था घर बांधतानाच करावी लागते, ही कल्पनाच आपल्याकडील गवंड्याला नाही. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो या शहरांत मात्र हिवाळ्यात पारा पुनःपुन्हा शून्याखाली उतरतो. तेथे न तापविलेल्या घरात माणूस तर गारठतोच, पण नळातले पाणी गोठून नळही फुटतो.

या शहरांतील दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या असंख्य इमारती आजही वाफेने तापविल्या जातात. आपल्याकडून उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला अशाच एखाद्या जुन्या इमारतीतील भाड्याची खोली येते. खिडकीखाली बिडाच्या फासळ्यांचा एक सांगाडा उभा असतो. त्यातून मधूनच सू-सू असा आवाज येतो. मध्यरात्री कोणी हातोड्याने नळ ठोकावा तसे ठोके ऐकू येतात. एका खोलीत घाम फुटतो आणि शेजारच्या खोलीत पाय गारठतात. तेथील लोकही हा जुन्या यंत्राचा लहरीपणा समजून सोडून देतात. वस्तुतः त्यात लहरीपणा काहीच नाही. वाफ, हवा आणि पाणी या तिघांना एकाच वाटेने ये-जा करावयाची असते आणि कोणाची तरी वाट अडली म्हणजे हे सारे प्रकार घडतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. ही ये-जा समजली की दुरुस्तीची निम्मी विद्या हाती आली.

मोदकपात्राचे झाकण उघडताना ज्याचा हात वाफेने एकदा भाजला आहे, त्याला अप्रकट उष्णता वेगळी शिकवावी लागत नाही. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची त्याच तापमानाची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी द्याव्या लागतात. ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने १७६० च्या सुमारास ही गोष्ट मोजून दाखविली. वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा या ५४० कॅलरी जशाच्या तशा परत मिळतात. तळघरातील बॉयलरमध्ये पाण्याला दिलेली उष्णता वाफ आपल्याबरोबर वर घेऊन जाते, रेडिएटरच्या थंड लोखंडाला स्पर्श होताच तेथे टाकते, आणि पाणी होऊन खाली परतते. तासाला एक किलो वाफेचे पाणी करणारा रेडिएटर सुमारे सव्वासहाशे वॅटच्या विजेच्या शेगडीएवढी ऊब देतो. हीच ऊब गरम पाणी फिरवून द्यावयाची, आणि ते पाणी रेडिएटरमध्ये वीस अंशांनी थंड होते असे धरले, तर तासाला सत्तावीस किलो पाणी फिरवावे लागेल. पंप सर्वत्र होण्यापूर्वीच्या काळात उंच इमारतींसाठी वाफच का निवडली गेली, हे यावरून ध्यानात येईल. वाफ आपणहून वर चढते आणि तिला वजन जवळजवळ नसते. पाण्याने भरलेल्या दहा मजली नळाचा भार मात्र तळघरातल्या बॉयलरला सोसावा लागतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. एक लिटर पाण्यापासून साधारण १,६७० लिटर वाफ होते. म्हणजेच रेडिएटरमध्ये वाफेचे पाणी झाले की तिने व्यापलेली जागा एकदम रिकामी होते, आणि ती जागा भरावयास मागची वाफ धाव घेते. या ओढीमुळेच घरगुती बॉयलरला फार दाब लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील कुकर शिट्टी देतो तेव्हा आत चौरस इंचाला सुमारे १५ पौंडांचा दाब असतो. संपूर्ण घर तापविणाऱ्या बॉयलरला दीड-दोन पौंड पुरतात! हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, आणि इथेच घोटाळ्याला सुरुवात होते. एखादी खोली थंड राहिली की बॉयलरवरील दाबाचे बटण वर सरकविण्याचा मोह होतो. पण दोन पौंडांवर वाफेचे तापमान सुमारे १०४ अंश असते आणि दहा पौंडांवर सुमारे ११५. रेडिएटर त्याने थोडा अधिक तापेल हे खरे; पण ज्या रेडिएटरात वाफ पोचतच नाही, त्याला त्याचा उपयोग काय?

वाफ पोचत नाही याचे कारण बहुधा हवा असते. बॉयलर बंद असताना सर्व नळ आणि सर्व रेडिएटर हवेने भरलेले असतात. ही हवा बाहेर गेल्याशिवाय वाफेला आत जागा नाही; गर्दीच्या एस.टी.त उतरणाऱ्यांना आधी उतरू दिल्याशिवाय चढता येत नाही, तसेच हे. यासाठी ज्या पद्धतीत प्रत्येक रेडिएटरला एकच नळ असतो, त्या एकनळी पद्धतीत रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाच्या फासळीवर अंगठ्याएवढी एक चकचकीत डबी बसविलेली असते. ही हवेची झडप. तिच्या पोटात पाण्यापेक्षा कमी तापमानाला उकळणारे, अल्कोहोल मिसळलेले थोडे द्रव एका बंद कुपीत असते. थंड असताना झडप उघडी. हवा सू-सू करीत बाहेर जाते. वाफ येऊन ठेपली की कुपीतील द्रव उकळू लागते, कुपी फुगते आणि छिद्र बंद होते. बॉयलर थांबला, वाफ निवाली, की कुपी आकसते आणि हवा पुन्हा आत येते. विजेची तार नाही, घड्याळ नाही. काडीएवढ्या छिद्रावर सारा कारभार चालतो.

शंभर वर्षांत या डबीवर रंगाचे दहा थर चढतात, आत गंज आणि गाळ साचतो आणि ती कायमची बंद होते; मग रेडिएटर थंड. कधी ती उघडीच राहते, मग वाफ आणि गरम पाणी खोलीत फुर्रकन उडते, भिंतीचा गिलावा फुगतो. उपाय अगदी स्वस्त आहे. बॉयलर बंद करून, सर्व काही थंड झाल्यावर, डबी फिरवून काढावी, तोंडाने फुंकून पाहावी. हवा जात नसेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावी. तरीही जात नसेल तर नवी बसवावी. बॉयलर चालू असताना मात्र ती कदापि काढू नये.

तळघरातही मुख्य नळाच्या शेवटाला अशाच, पण मोठ्या झडपा असतात, किंवा असावयास हव्यात. घरातील माणसे त्या कधी पाहत नाहीत आणि दुरुस्तीला आलेला फिटर पुष्कळदा त्या काढून तेथे बूच मारून जातो. परिणाम असा होतो की मुख्य नळातील सारी हवा जवळच्या रेडिएटरांच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडावी लागते. जवळच्या खोल्या आधी तापतात, तापमापक तेथेच असला तर तो बॉयलर बंद करतो आणि दूरच्या खोलीपर्यंत वाफ पोचतच नाही. रेडिएटर बदलण्याआधी, बॉयलर बदलण्याआधी, नळाच्या टोकाची ही झडप पाहावी असा माझा आग्रह राहील. मुख्य नळातील हवा लवकर गेली की वाफ सर्व रेडिएटरांच्या दाराशी जवळजवळ एकाच वेळी पोचते. पुढचे वाटप लहानमोठ्या छिद्रांच्या झडपा निवडून करता येते.

आता पाण्याची वाट. एकनळी पद्धतीत ज्या नळातून वाफ वर येते, त्याच नळातून तिचे पाणी उलट दिशेने खाली जाते. वर वाफ, तळाशी पाण्याची धार, असा हा एकाच गल्लीतला दुहेरी रस्ता. म्हणून नळाला ढाळ हवा आणि रेडिएटरलाही ढाळ हवा, तोही नळाच्या दिशेने. शंभर वर्षांत घर बसते, लाकडी जमीन खचते, नळाला आधार देणारा हूक निखळतो आणि नळाला पोट पडते. त्या पोटात पाण्याचे डबके साचते. वेगाने येणारी वाफ त्या डबक्यावरून जाताना पाण्याच्या लाटा उठविते. एखादी लाट नळाचे तोंड पूर्ण भरते आणि मग तो पाण्याचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा पुढे फेकला जाऊन वळणावर आदळतो. शिवाय थंड पाण्याने वेढलेली वाफ एकाएकी पाणी होते, तेथे पोकळी पडते आणि दोन्हीकडचे पाणी तीत येऊन एकमेकांवर आपटते. मध्यरात्रीचे ठोके ते हेच. भुताखेताची शंका घेण्यापूर्वी गवंड्याची पाणसळ घेऊन रेडिएटरवर ठेवावी. बुडबुडा झडपेच्या डबीकडे सरकलेला दिसला पाहिजे, कारण ती बाजू किंचित उंच हवी. तसा तो नसेल तर त्या बाजूच्या पायांखाली लाकडाची पातळ पाचर सारावी. दोन पाचरींत कित्येक घरांची झोप परत आलेली आहे.

याच कारणासाठी एकनळी रेडिएटरच्या बुडाशी असलेला कॉक पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवावयाचा असतो. आपण पाण्याचा नळ जसा अर्धा सोडतो तसा तो अर्धा उघडला, तर आत येणारी वाफ परतणाऱ्या पाण्याला अडविते, पाणी रेडिएटरात साचते आणि हवेच्या डबीतून थुंकू लागते. ऊब कमी हवी असेल तर कॉकला हात न लावता हवेच्या डबीचे छिद्र लहान करावे, किंवा तेथे तापमानावर चालणारी विशेष झडप बसवावी.

दोननळी पद्धतीत वाफ एका नळाने येते आणि पाणी दुसऱ्याने जाते. तेथे रेडिएटरच्या बाहेर जाण्याच्या तोंडावर एक सापळा असतो; तो पाणी व हवा सोडतो, वाफ अडवितो. साखर कारखान्यात काम केलेल्यांना स्टीम-ट्रॅप हा शब्द नवा नाही. (आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांत टर्बाइनमधून निघालेली कमी दाबाची वाफ उसाचा रस आटविण्यास वापरतात; तत्त्व तेच.) हा सापळा उघडाच राहिला तर वाफ परतीच्या नळात शिरते आणि दुसऱ्या रेडिएटरांतील हवेची वाट अडविते, म्हणजे बिघाड एका खोलीत आणि थंडी दुसऱ्या खोलीत. अधिक दाबाचे नुकसानही येथे सर्वांत स्पष्ट दिसते. परतीचा नळ हवेला उघडा असेल, तर बॉयलरमधील प्रत्येक पौंड दाब त्या नळातील पाणी सुमारे २८ इंच वर ढकलून ठेवतो. तळघराची उंची ठरलेली. पाच-सहा पौंडांचा दाब केला की पाणी बॉयलरकडे परतण्याऐवजी मुख्य नळापर्यंत चढून बसते. दाब वाढवून खोली तापविणाऱ्याने प्रत्यक्षात पाण्याचीच वाट बंद केलेली असते.

हे ज्ञान लोपले कसे, याला इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट गावी बर्डसिल हॉली याने १८७७ मध्ये एका बॉयलरमधून रस्त्याखालच्या नळांनी अनेक घरांना वाफ पुरविली. न्यूयॉर्क शहरात अशी कंपनी १८८२ मध्ये सुरू झाली, आणि मॅनहॅटनच्या रस्त्याखालची वाफ आजही चालू आहे. पण बहुतेक इमारतींत आपापल्या तळघरात कोळशाची भट्टी असे. कोळसा एकदा पेटला की दिवसभर धुमसतो. वाफ मंद, पण सतत असे. हवा एकदा गेली की गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेल आणि गॅसचे बर्नर आले. ते पेटतात, विझतात, पुन्हा पेटतात, आणि प्रत्येक वेळी सारी नळयंत्रणा हवेने भरते. कोळशाच्या संथपणाला पुरणाऱ्या झडपा या नव्या घाईला पुऱ्या पडेनात. ज्यांनी नळ बसविले ती पिढी गेली. नव्या पिढीने गरम पाणी आणि गरम हवेची यंत्रे शिकून घेतली. वाफेचा जाणकार फिटर मिळणे दुर्मिळ झाले.

रेडिएटर इतके मोठे का, हाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद खोलीतील कोंदट हवा रोगाचे मूळ आहे असे तेथील आरोग्यसुधारक सांगत, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने खिडक्या उघड्या ठेवण्याच्या या सवयीला मोठा जोर मिळाला. सर्वांत थंड दिवशी, खिडकी उघडी असताना, खोली उबदार राहिली पाहिजे, या हिशेबाने पुष्कळ यंत्रे बसविली गेली. म्हणूनच जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये उघड्या खिडक्या दिसतात. आज त्या खिडकीतून बाहेर जाते ती इंधनाची किंमत.

रेडिएटरच्या रंगाबद्दल एक सांगण्यासारखे. रुपेरी किंवा सोनेरी, म्हणजे धातूची भुकटी असलेला रंग दिला, तर रेडिएटरमधून प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता घटते. साधा तेलरंग, मग तो पांढरा असो की काळा, त्या मानाने चांगला. रंग कोणता यापेक्षा सर्वांत वरचा थर कशाचा आहे याला महत्त्व. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने उत्सर्जकतेचे हे घरगुती उदाहरण उत्तरपत्रिकेत अवश्य लिहावे.

बॉयलरची निगा मात्र घरमालकाने, आणि मोठ्या इमारतीत तेथील लोक ज्याला 'सुपर' म्हणतात त्या व्यवस्थापकाने, करावयाची आहे. भाडेकरूने तेथे हात घालू नये. काय पाहावे हे मात्र सर्वांनाच ठाऊक असावे. बॉयलरच्या बाजूला काचेची उभी नळी असते; तीत पाणी मध्याच्या जरा वर, फार न हिंदकळता उभे असले पाहिजे. ते जोराने उड्या मारीत असेल तर पाण्यावर तेलाचा तवंग असतो, आणि तो वरच्या बाजूने सावकाश काढून टाकावा लागतो. नव्या नळजोडणीनंतर हे हमखास घडते. पाणी कमी पडल्यास ज्योत बंद करणारे एक उपकरण असते. तरंगत्या गोळ्यावर चालणारे असेल तर हिवाळ्यात दर आठवड्यास त्यातील गाळ सोडून ते चालते की नाही हे पाहावयाचे. बॉयलर कोरडा पडून लाल झाला असेल तर त्यात थंड पाणी कधीही सोडू नये. बीड तडकते आणि त्याहून भयंकर प्रकारही घडू शकतो. ज्योत बंद करावी आणि आपोआप निवू द्यावे.

तेच तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहणे ही चांगली खूण होय. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि प्राणवायूबरोबर गंज. दर दोन-चार दिवसांनी पाणी घालावे लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि संशयित बहुधा तळघराच्या जमिनीखाली पुरलेला परतीचा नळ असतो. तो फुटला तर बॉयलर रिकामा होऊ नये म्हणून परतीचा नळ थेट बॉयलरच्या बुडाशी न जोडता, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली येईल असा वळसा देऊन जोडतात. बाहेर गळती झाली तरी पाणी त्या वळशाच्या उंचीपर्यंतच उतरते. याला हार्टफर्ड वळसा म्हणतात, कारण त्याचा आग्रह धरणारी बॉयलर-विमा कंपनी हार्टफर्ड शहराची. ती १८६६ मध्ये निघाली. आदल्याच वर्षी मिसिसिपी नदीत 'सुलताना' नावाची आगबोट बॉयलर फुटून बुडाली आणि हजारांहून अधिक माणसे मेली होती.

तळघरातील नळांवर लॅगिंग हवेच, नाहीतर वाफेचे पाणी वाटेतच होते. परंतु जुने पांढरट, ठिसूळ लॅगिंग अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याचा संभव मोठा. ते ओढू नये, कापू नये, झाडू नये. ती तज्ज्ञांची कामगिरी आहे.

आणि रेडिएटर ही खेळण्याची वस्तू नव्हे. त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपास तापतो. डिसेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात रेडिएटरमधून सुटलेल्या वाफेने दोन चिमुकल्या बहिणी मरण पावल्या. झडपेची डबी सैल, गळकी किंवा जागेवरून नाहीशी झालेली दिसली तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे, आणि मूल असलेल्या घरात रेडिएटरपाशी पलंग ठेवू नये. न्यूयॉर्क शहराचा नियम असा की १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, बाहेर ५५ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी असेल तर घरात किमान ६८ अंश, म्हणजे २० अंश सेल्सिअस, ऊब मालकाने दिलीच पाहिजे. रात्री किमान ६२ अंश फॅरनहाइट. ती न मिळाल्यास ३११ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. नव्याने गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसते आणि ते अंगावर दोन स्वेटर चढवून गप्प बसतात.

त्या शहराने २०१९ मध्ये मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा केला. २०२४ पासून तो लागू आहे. त्यामुळे काही इमारती वाफ सोडून विजेच्या उष्णता-पंपांकडे वळत आहेत. दोननळी घरात तेच नळ वापरून गरम पाणी फिरविण्याचा विचार तरी करता येतो. एकनळी घरात तेवढीही सोय नाही, कारण पाण्याला जावयास एक आणि यावयास दुसरी अशी वाट लागते, आणि तेथे भिंतीत नळ एकच आहे. तो बदलावयाचा तर प्रत्येक मजल्यावरची भिंत फोडावी लागते. म्हणून पुष्कळ मालक तूर्त झडपा बदलणे, ढाळ सुधारणे, नळांना नवे लॅगिंग घालणे आणि दाबाचे बटण पुन्हा दीड पौंडावर आणून ठेवणे एवढेच करीत आहेत.